१४० दिवसांचं अधिवेशन आणि उरलेले ५९० दिवस

मामा साताऱ्याहून आमच्याकडे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायला आले होते, तेव्हा त्यांना ऑस्टिन दाखवायला नेलं. उभी हयात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेलेली, त्यामुळे टेक्सासचं विधानभवन बघायची त्यांना खरीच ओढ होती. लालसर गुलाबी ग्रॅनाइटची १८८८ सालची ती इमारत पोटभर पाहून झाली आणि आम्ही समोरच्या काँग्रेस ॲव्हेन्यूवरून चालत निघालो. थोड्याच अंतरावर मी त्यांना आणखी एक इमारत दाखवली: टेक्सास पब्लिक पॉलिसी फाउंडेशन.

"पक्षाचं कार्यालय का रे?"

"नाही, मामा."

"मग सरकारी?"

"तेही नाही. देणग्यांवर चालणारी संस्था आहे."

"मग विधानभवनाच्या इतकं जवळ बसून हे लोक करतात काय?"

त्या दिवशी मला याचं नीट उत्तर देता आलं नाही. इथे घर घेतल्यावर, मुलं शाळेत जायला लागल्यावर आणि दरवर्षी घरपट्टी भरायला लागल्यावर मात्र ते शोधावंच लागलं. मराठीत या विषयावर फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून मला जे उमगलं ते लिहितो आहे.

अशा संस्थेला इथे थिंक टँक म्हणतात. आपण धोरण अभ्यासणारी संस्था म्हणू. सरकारने काय करावं आणि काय करू नये याचा अभ्यास करायचा, त्यातून अहवाल आणि कायद्याच्या कल्पना तयार करायच्या आणि त्या आमदारांच्या गळी उतरवायच्या, हे तिचं काम. वॉशिंग्टनमधल्या मोठ्या संस्थांची नावं आपल्या वर्तमानपत्रांत येतात. पण अमेरिकेत शाळा, तुरुंग, घरपट्टी, पोलीस, वीज असे रोजच्या जगण्यातले बहुतेक विषय राज्यांच्या हातात असतात, म्हणून राज्यापुरतं काम करणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या. टेक्सासची ही संस्था १९८९ मध्ये सॅन अँटोनियोत सुरू झाली. जेम्स लायनिंगर हे डॉक्टर आणि उद्योजक तिचे संस्थापक. पुढे ती ऑस्टिनला, सत्तेच्या दारात आली. साउथ कॅरोलिनात बांधकाम साहित्याचा व्यवसाय करणाऱ्या थॉमस रो यांनी १९९२ मध्ये अशा राज्य पातळीवरच्या संस्थांचं जाळं विणलं. स्टेट पॉलिसी नेटवर्क हे त्याचं नाव. आज जवळपास प्रत्येक राज्यात त्या जाळ्यातली एखादी तरी संस्था आहे.

या संस्था स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतात. शब्दकोशात याचा अर्थ 'पुराणमतवादी' असा मिळतो आणि तिथेच मराठी वाचकाची फसगत होते. डोळ्यासमोर सोवळंओवळं येतं. टेक्सासमधल्या या संस्थेच्या बाबतीत त्याचा पहिला अर्थ पैशाचा आहे: कर कमी हवेत, सरकार आटोपशीर हवं, उद्योगावर नियम थोडे हवेत आणि शाळेसारख्या सेवेतसुद्धा निवड पालकांच्या हातात हवी. धर्म आणि कुटुंब यांविषयीची मतं त्याच्या बरोबरीने येतात, पण कामाचा मोठा भाग हिशेबाचा असतो.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. उत्तराची किल्ली टेक्सासच्या राज्यघटनेत आहे. इथलं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीत भरतं आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. राज्यपालांनी बोलावलं तर जास्तीत जास्त ३० दिवसांचं विशेष अधिवेशन होतं, एरवी नाही. १५० प्रतिनिधी आणि ३१ सिनेटर मिळून १८१ सदस्य. त्यांचा पगार महिन्याला ६०० डॉलर, वर हजेरीच्या दिवसांचा भत्ता. या पैशात कुणाचं घर चालत नाही, त्यामुळे बहुतेक जण वकिली, शेती किंवा धंदा सांभाळून आमदारकी करतात. हाताखाली माणसं मोजकी. आणि गेल्या दोन नियमित अधिवेशनांत दर वेळी आठ हजारांहून जास्त विधेयकं दाखल झाली.

अशा सदस्याला शाळांच्या निधीचं सूत्र किंवा पॅरोलचे नियम मुळापासून अभ्यासायला वेळ कुठून मिळणार? त्याला कुणीतरी समजावून सांगावं लागतं. कंपन्यांचे लॉबीवाले सांगतात, शहरांचे प्रतिनिधी सांगतात, शिक्षकांच्या संघटना सांगतात. धोरणसंस्था याच रांगेतली, पण तिची तयारी अधिवेशन संपल्यावर सुरू होते. दोन वर्षांतून १४० वजा केले की जवळपास ५९० दिवस उरतात. आमदार आपापल्या गावी परततात तेव्हा ही संस्था आकडे गोळा करते, इतर राज्यांत काय झालं ते पाहते, अहवाल लिहिते, वर्तमानपत्रांत लेख देते, सदस्यांच्या सहायकांना बोलावून समजावते. जानेवारीत सभागृह उघडतं तेव्हा तिच्या टेबलावर कागद तयार असतो. घाईत असलेल्या माणसाला तयार कागद मिळाला की काय होतं, हे मामांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

असा कागद काय करू शकतो, याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण तुरुंगांचं आहे.

२००७ मध्ये टेक्सासच्या तुरुंगांत दीड लाखांहून जास्त कैदी होते. पाच वर्षांत आणखी १७ हजार कैद्यांची सोय करावी लागेल, असा विधिमंडळाच्याच अंदाजपत्रक मंडळाचा अंदाज होता. म्हणजे नवे तुरुंग, नवे पहारेकरी आणि प्रचंड खर्च. प्रतिनिधीगृहाचे रिपब्लिकन सभापती टॉम क्रॅडिक यांनी तुरुंगविषयक समितीच्या अध्यक्षांना, जेरी मॅडन यांना, सांगितलं की नवे तुरुंग बांधू नका, ते परवडत नाहीत. मॅडन वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेले अभियंते. कायद्याची पदवी नाही, तुरुंगांचा अनुभव नाही. सिनेटमध्ये त्यांना जोडीदार मिळाले डेमोक्रॅट जॉन व्हिटमायर, जे आता ह्यूस्टनचे महापौर आहेत. दोघांनी मिळून साधा प्रश्न विचारला: तुरुंगात नेमकं येतं कोण?

उत्तराचा एक मोठा भाग असा निघाला की बरेच जण नव्या गुन्ह्यासाठी आत येतच नव्हते. ते आधीच प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) किंवा पॅरोलवर (शिक्षा संपण्याआधी अटींवर सुटून) बाहेर होते. अधिकाऱ्याची भेट चुकली, लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ सापडला, एखादी अट मोडली, की रवानगी परत आत. व्यसन सोडवायचं तर उपचार केंद्रात जागा नाही, प्रतीक्षा यादी लांबलचक. म्हणजे उपचाराची स्वस्त खाट नाही म्हणून तुरुंगाची महाग खाट भरत होती. विधिमंडळाने तुरुंगांऐवजी २४ कोटी १० लाख डॉलर उपचार केंद्रं, सुटकेआधीची निवासस्थानं आणि अटी मोडणाऱ्यांसाठी थोड्या मुदतीच्या सोयी यांवर घातले.

यात आपल्या संस्थेचा वाटा काय? २००५ पासून तिथे मार्क लेव्हिन नावाचे वकील फौजदारी न्यायाचा विभाग चालवत होते. 'गुन्हेगारांबद्दल मवाळ' हा शिक्का टेक्सासमध्ये कुठल्याही रिपब्लिकन आमदाराची कारकीर्द संपवू शकतो. लेव्हिन यांनी मांडणीच बदलली. दयेची भाषा बाजूला ठेवली आणि हिशेबाची भाषा आणली. तुरुंग हाही एक सरकारी कार्यक्रमच आहे. शाळेच्या खर्चाचा हिशेब मागता तसा तुरुंगाच्या खर्चाचाही मागा. माणूस सुटल्यावर कामाला लागतो की परत आत येतो, ते मोजा. हे शब्द डाव्या बाजूच्या संघटनांनी कितीही वेळा उच्चारले असते तरी त्या आमदारांच्या कानात शिरले नसते. आपल्याच गोटातल्या संस्थेने म्हटलं, म्हणून ते म्हणायची त्यांना मुभा मिळाली. माझ्या मते अशा संस्थेची खरी ताकद ही आहे. ती आमदाराला माहिती तर देतेच, पण आपल्या माणसांसमोर उभं राहून ती बाजू घेण्याचं धैर्यही देते.

२०१० मध्ये संस्थेने हीच मांडणी 'राइट ऑन क्राइम' या नावाने देशभर नेली. न्यूट गिंगरिच, जेब बुश, रेगन यांचे ॲटर्नी जनरल एडविन मीस अशा बड्या रिपब्लिकन नेत्यांनी त्याखाली सह्या केल्या. २०१८ च्या डिसेंबरात अध्यक्ष ट्रम्प यांनी फर्स्ट स्टेप ॲक्ट या केंद्रीय तुरुंगसुधारणा कायद्यावर सही केली. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये या विषयावर काम करणाऱ्यांत ब्रूक रॉलिन्स होत्या. त्याआधी २००३ पासून पंधरा वर्षं याच संस्थेची धुरा त्यांच्याकडे होती, आणि २०२५ मध्ये त्या देशाच्या कृषिमंत्री झाल्या.

आणि २०११ मध्ये टेक्सासने, नवा बांधायचं सोडाच, असलेला एक तुरुंग बंद केला. तो आमच्याच गावात होता. शुगर लँडचं नावच उसाच्या मळ्यांवरून आणि साखर कारखान्यावरून पडलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे सरकारी तुरुंगाची शेती होती, आणि त्याच्याही आधी, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, कैदी भाड्याने देऊन त्यांच्याकडून ऊस तोडून घेतला जायचा. २०१८ मध्ये इथे शाळेचं बांधकाम चालू असताना जमिनीखाली अशा ९५ जणांचे अवशेष सापडले. आज याच परिसरात शेकडो भारतीय कुटुंबं राहतात, मराठीही पुष्कळ. मुलाला क्रिकेटच्या सरावाला सोडताना मी बंद तुरुंगाच्या बाजूने जातो, तेव्हा एका अहवालातल्या आकड्यांना किती लांबचा मागचा इतिहास चिकटलेला असतो, ते जाणवतं.

एक मात्र सांगायला हवं. संस्थेच्या कागदपत्रांत टेक्सासमधला गुन्ह्यांचा घटलेला दर या सुधारणांच्या खात्यावर जमा होतो. पण त्याच काळात देशभर, अशा सुधारणा न केलेल्या राज्यांतही, गुन्हे घटत होते. तुरुंग न बांधताही गुन्हे वाढले नाहीत, इतकं निश्चित म्हणता येतं, आणि माझ्या मते तेवढंही पुरेसं मोठं आहे.

प्रत्येक कल्पना अशी दोन वर्षांत मार्गी लागत नाही. मिशिगनमध्ये मॅकिनॅक सेंटर नावाची अशीच एक संस्था आहे. तिथले जोसेफ ओव्हर्टन देणगीदारांना आपलं काम समजावण्यासाठी पुठ्ठ्याचं एक माहितीपत्रक वापरत. त्यात सरकती पट्टी होती. एका विषयावरची सगळी मतं वरपासून खालपर्यंत लिहिलेली, आणि पट्टीच्या खिडकीतून त्यांतली मोजकीच दिसणारी. खिडकीत दिसतात ती मतं राजकारणी माणूस उघड बोलू शकतो; बाहेरची बोलला तर पडतो. ओव्हर्टन यांचं म्हणणं असं की संस्थेचं काम राजकारण्याला ढकलणं नव्हे, खिडकी सरकवणं. ते २००३ मध्ये विमान अपघातात गेले. पुढे 'ओव्हर्टन विंडो' हा शब्द जगभर गेला.

टेक्सासमध्ये ही पट्टी सरकताना मी पाहिली ती शाळांच्या बाबतीत. सरकारी शाळेचा खर्च वाचवून ते पैसे पालकांच्या हाती द्यावेत आणि त्यांनी ते खासगी शाळेत वापरावेत, ही कल्पना लायनिंगर संस्था काढली तेव्हापासून मांडत होते. विधिमंडळात ती वारंवार आपटली, आणि तिला रोखणाऱ्यांत रिपब्लिकनही होते. कारण खेड्यातल्या मतदारसंघात खासगी शाळाच नसते. सरकारी शाळा हीच गावातली सर्वांत मोठी नोकरी देणारी जागा, आणि शुक्रवारी रात्रीच्या फुटबॉल सामन्याला अख्खं गाव तिथेच जमतं. २०२३ च्या नोव्हेंबरात २१ रिपब्लिकन सदस्य डेमोक्रॅट्सबरोबर गेले आणि ८४ विरुद्ध ६३ मतांनी ही तरतूद काढून टाकली गेली. मग राज्यपाल ग्रेग ॲबट यांनी २०२४ च्या पक्षांतर्गत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत त्यांतल्या अनेकांविरुद्ध उमेदवारांना बळ दिलं, आणि बरेच जण पडले. २०२५ च्या मे महिन्यात कायदा झाला. सुरुवातीची तरतूद एक अब्ज डॉलर, अंमल २०२६-२७ या शालेय वर्षापासून. संस्थेच्या जन्मापासून मोजली तर ३६ वर्षं लागली. शेवटचा घाव अभ्यासाने घातला नाही, तो निवडणुकीतल्या पैशाने आणि राज्यपालांच्या ताकदीने घातला. पण घाव घालायला कल्पना टिकून राहावी लागते, आणि ती टिकवून धरली अशा संस्थांनी.

हे २१ सदस्यांचं प्रकरण ऐकून मामांनी लगेच विचारलं, "त्यांच्यावर व्हिप नव्हता?" नव्हता. आपल्याकडे अशी संस्था का रुजली नाही, याचं एक मोठं कारण इथेच सापडतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपला आमदार पक्षादेश मोडून मत देऊ शकत नाही. दिलं तर पद जाऊ शकतं. विधेयकं मंत्र्यांच्या खात्यातून निघतात, विधी व न्याय विभागात त्यांचे मसुदे होतात. मग बाहेरच्या संस्थेने २८८ आमदारांना एकेक करून पटवायचं कशासाठी? तिला गाठायचा असतो मंत्री, सचिव किंवा पक्षाचा नेता. टेक्सासमध्ये प्रत्येक मत सुटं असतं, म्हणून प्रत्येक सदस्याला पटवण्याला किंमत आहे.

घरपट्टीबद्दलही लिहायला हवं, कारण टेक्सासमधल्या मराठी घरांत या संस्थेचं काम सर्वांत जवळून पोचतं ते याच वाटेने. इथे राज्याचा प्राप्तिकर नाही. त्यामुळे शाळा, शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांचा बराच भार घरांवर पडतो. दर वसंतात पत्रपेटीत जिल्ह्याच्या मूल्यांकन कार्यालयाचा कागद येतो: तुमच्या घराची किंमत आम्ही इतकी धरली आहे, मान्य नसेल तर हरकत घ्या. मित्रांच्या गटात आठवडाभर तोच विषय. संस्थेने वर्षानुवर्षं मागणी केली की शहरांच्या करवाढीला लगाम घाला. २०१९ मध्ये तसा कायदा झाला. आधी शहर किंवा काउंटी जुन्याच मालमत्तांवरून वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत जास्त कर उभा करू शकत होती, आता ३.५ टक्क्यांच्या वर जायचं तर मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. गेल्या वर्षी १०० डॉलर गोळा झाले असतील तर यंदा न विचारता १०३ डॉलर ५० सेंट, बस. मला हा नियम घरमालक म्हणून आवडतो. पण सरकार लोकांच्या जवळ असावं, असं म्हणणाऱ्या संस्थेने लोकांच्या सर्वांत जवळच्या सरकारचे हात ऑस्टिनमधून बांधायला लावले, हा ताण मला तिच्या मांडणीत सुटलेला दिसत नाही.

आता पैसा. लेखा विभागातल्या माणसाने तो प्रश्न विचारल्याशिवाय सोडलं नाहीच. ही संस्था प्राप्तिकर कायद्याच्या ५०१-सी-३ या कलमाखाली नोंदलेली आहे. अमेरिकेतली बहुतेक महाराष्ट्र मंडळं आणि देवळंसुद्धा याच कलमाखाली येतात. म्हणजे आपण गणपतीला देणगी देतो आणि करात सूट घेतो, तशीच सूट या संस्थेच्या देणगीदाराला मिळते. बदल्यात अट अशी की कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायचा नाही, आणि विधेयकांसाठीचा प्रत्यक्ष पाठपुरावा मर्यादेत ठेवायचा. अहवाल लिहिणं आणि समितीने बोलावल्यावर माहिती देणं यावर तशी मर्यादा नाही. दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो. तो कुणालाही पाहता येतो, आणि त्यात एकूण जमा, खर्च आणि वरिष्ठांचे पगार दिसतात.

देणगीदारांची नावं मात्र दिसत नाहीत. ती कर खात्याकडे जातात, लोकांसमोर येत नाहीत. टेक्सासच्या या संस्थेची २०१० ची यादी २०१२ मध्ये बाहेर आली, तेव्हा तीत तेल-वायूच्या धंद्यातल्या कोक (Koch) उद्योगसमूहासारखी नावं दिसली. मिडलंडचे तेल व्यावसायिक टिम डन अनेक वर्षं तिच्या संचालक मंडळावर होते. नावं गुप्त ठेवण्याच्या बाजूचा युक्तिवाद मला समजतो. न पटणाऱ्या विचाराला पैसे दिले म्हणून कुणाचा छळ होऊ नये. तरी तेलावर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेला तेलातून किती पैसे मिळतात, हे वाचकाला कळायला हवं, असं मला ठाम वाटतं.

कारण तिथे आकडे घसरू शकतात. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, लाखो घरांची वीज दिवस दिवस गेली, आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. संस्थेच्या ऊर्जा विभागाने पवन आणि सौर ऊर्जेकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी केंद्रीय नियामकांचा चौकशी अहवाल आला. बंद पडलेल्या किंवा कमी चाललेल्या वीजनिर्मिती संचांपैकी निम्म्याहून अधिक नैसर्गिक वायूवरचे होते. गोठलेली यंत्रं आणि वायूचा तुटलेला पुरवठा हे मोठं कारण होतं. तुरुंगांच्या बाबतीत आधी मोजून मग बोलणारी हीच संस्था. त्यामुळे मी आता पूर्ण संस्थेवर विश्वास किंवा अविश्वास असं ठरवत नाही, विषय पाहतो. आणि दुसऱ्या बाजूचा कागद शोधतो. ऑस्टिनमध्येच एव्हरी टेक्सन ही डाव्या बाजूला झुकणारी संस्था आहे, जी १९८५ मध्ये बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी (नन) सुरू केली. एकाच विधेयकावर दोघांचे अहवाल शेजारी ठेवले की कुणी कुठला खर्च धरलेला नाही, ते पटकन दिसतं.

२०२५ च्या अधिवेशनात मी स्वतः साक्ष द्यायला गेलो होतो. शहरांच्या करवाढीच्या मर्यादेचं एक विधेयक समितीपुढे होतं. विधानभवनाच्या जमिनीखालच्या मजल्यावर पडद्यावर नाव नोंदवायचं: बाजूने, विरोधात, की फक्त माहिती द्यायला. कुणीही नोंदवू शकतं, आणि या गोष्टीचं मला अजून अप्रूप आहे. सकाळी नोंदवलं, नंबर लागला तो संध्याकाळी. मी आमच्या ग्रंथालयाबद्दल तीन मिनिटं बोललो. सदस्यांनी आभार मानले, प्रश्न कुणी विचारला नाही. माझ्यानंतर एका धोरणसंस्थेचा तरुण आला. त्याच्याकडे शहरांच्या दहा वर्षांच्या जमाखर्चाचा तक्ता होता. त्याला त्यांनी पाऊण तास सोडलं नाही.

पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतं. आमच्या शहराची गेल्या दहा वर्षांची अंदाजपत्रकं मी उतरवून घेतली आहेत. तक्ता कसा मांडायचा ते मामा दर रविवारी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सांगतात. सध्या आम्ही २०१९ पर्यंत आलो आहोत.